लसणाचा वास

जिनबू, २ मे १९९३

इन-सुक,

मी जिवंत आहे. हे आधी लिहिलं म्हणजे बाकीचं तू स्वस्थपणे वाचशील.

गेल्या आठवड्यात डोंगरावरून म्योंगीची रानपानं आणली, दर वसंतात आणते तशी. दुपारी पानात भात आणि डुकराचं मांस गुंडाळून खाल्लं. थोड्याच वेळात पोटातलं सगळं बाहेर आलं. मग हातपाय गार पडले. तेक-सू बटाट्याच्या शेतावर होता. सुनेनं धावत जाऊन नवऱ्याला आणलं, त्यानं मला ट्रकमध्ये घालून किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात नेलं. नाडी इतकी संथ होती की डॉक्टरनं म्हणे आपलं घड्याळच कानाला लावून पाहिलं.

डॉक्टर तरुण आहे, पण मन लावून बघतो. तो म्हणाला, पिकावर मारायचं औषध पोटात गेलंय. मी म्हणाले, मी ते घेत नाही, मला तांदळाची दारू पुरते. तो हसला नाही. रक्तातलं काहीतरी फार कमी झालंय म्हणाला आणि कागदावर नाव लिहून दिलं. तसंच उतरवून पाठवते: कोलिनेस्टरेज.

तू सोलमध्ये दिवसभर विष गेलेल्या माणसांचं रक्त तपासतेस. तुझ्या आईला ते काम कधी आवडलं नाही. मला आज उपयोगी पडतंय. एवढंच सांग, रक्त चुकतं का? दुसऱ्या कशानं असं होतं का?

आत्या


सोल, ६ मे

आत्या,

पत्र उभ्यानंच वाचलं. मग तुमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं नीट वाचून दाखवलं.

मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत एका रसायनानं पोचतो. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकावं लागतं, नाहीतर स्नायू तोच निरोप ऐकत राहतो. पुसण्याचं काम कोलिनेस्टरेज करतं. पिकावरचं औषध या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतं. मग तोंडाला लाळ सुटते, पोट उलटतं, नाडी मंदावते. विष स्वतः रक्तात सापडेलच असं नाही. ते निघून जातं. पुसणारा कमी झालेला मात्र सापडतो. आम्ही विषापेक्षा त्याची पावलं शोधतो, असं समजा.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. उलटीला लसणासारखा वास होता, असं डॉक्टरांनी लिहिलंय. त्या औषधांना तसाच वास येतो. आणि नाडी वाढवायचं इंजेक्शन दिल्याबरोबर उतार पडला. म्हणजे वास, नाडी आणि रक्त, तीन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगताहेत. तुम्ही विचारलंत, रक्त चुकतं का. रक्ताला खोटं बोलायचं कारण नसतं, आत्या.

मला कुतूहल आहे ते हे पोटात गेलं कसं याचं. बाटली कुठे ठेवता? भांडी कुठे धुता? पानाला काय लावून खाल्लं होतं? सगळं लिहा.

इन-सुक


जिनबू, १२ मे

इन-सुक,

तुझ्या पत्रानं छातीवरचा दगड उतरला. तेक-सूला वाचून दाखवलं. गावप्रमुख विचारपूस करायला आला, त्यालाही दाखवलं. 'रक्ताला खोटं बोलायचं कारण नसतं', हे त्याला फार आवडलं. कॉन्स्टेबल आला तेव्हा गावप्रमुखानंच ते म्हणून दाखवलं.

बाटली शेडमध्ये असते. निम्मी रिकामी आहे. कोबीवर मारलंय, रिकामी असणारच, पण कॉन्स्टेबल ती पिशवीत घालून घेऊन गेला. त्यानं विचारलं, वाढलं कोणी. मी म्हणाले, सुनेनं. पानं कोणी कोणी खाल्ली? मी म्हणाले, मीच. सुनेनं हात लावला नाही. जे घडलं तेच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही.

तेक-सूनं रान-हीला आणि मुलीला इंचॉनला, तिच्या माहेरी पाठवलंय. थोडे दिवस, असं म्हणाला. मला वाटलं ती भांडेल. एक शब्द काढला नाही. बॅग भरली, माझी धुतलेली पांघरुणं घडी करून ठेवली आणि गेली. माणूस निर्दोष असेल तर तोंड उघडतं, नाही का?

तेक-सू माझी ट्रकमधली नक्कल करून दाखवतो. मी म्हणे सारखी 'बाक्से, बाक्से' करत होते. मरायला टेकली तरी अंगणातल्या एवढ्याएवढ्या पाखरांना हाका मारतेय, पोराचं नाव काही घेत नाही, असं म्हणून हसतो. मला काही आठवत नाही.

आत्या


सोल, १६ मे

आत्या,

माझं पत्र गावप्रमुखाला वाचून दाखवायला नव्हतं. मी काय झालं ते लिहिलं होतं. कोणी केलं ते लिहिलं नव्हतं. ते रक्तात दिसत नाही.

फवारणीनंतर धुतलेली बादली, वाऱ्यानं आलेला फवारा, चुकीच्या बाटलीत भरलेलं तेल, अशी कितीतरी कारणं आम्ही रोज पाहतो. रान-हीनं पानं खाल्ली नाहीत याला काहीही कारण असेल. लग्नात मी तिला एकदाच भेटले. तुमचे बूट दारात उलटे पडले होते ते कोणाचं लक्ष नसताना सरळ करून ठेवत होती. एवढीच मला ती माहीत आहे. पण तिला घरी परत आणा.

पाखरांचं डॉक्टरांना कळवलं. या विषात भ्रम होतो, नसलेलं दिसतं. ते म्हणाले, हेही जुळतं.

एक काम करा. पुसणारा यकृतात नव्यानं तयार होतो. महिन्याभरात बराच भरून येतो. जूनमध्ये पुन्हा रक्त तपासून घ्या आणि मला आकडा कळवा.

इन-सुक


जिनबू, ९ जून

इन-सुक,

तपासून आले. रक्त होतं तिथंच आहे. तसूभर चढलं नाही.

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, अजून काही पोटात जातंय का. मी म्हणाले, माझं मी शिजवते. सून इंचॉनला आहे. तेक-सू माझ्याच भांड्यातलं खातो आणि बैलासारखा ठणठणीत आहे. मला भूक लागते, झोप लागते, काल मिरचीची रोपं लावली. मग आता मला विष कोण घालतंय, तूच सांग. तुझे ते तीन साक्षीदार बोलाव परत.

गावप्रमुखाची बायको म्हणते, सून जाताना आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणात काही टाकून गेली असेल. मी रांजण फोडला नाही. पण झाकणही उघडलेलं नाही. आमटी फिकी होते.

कॉन्स्टेबल म्हणतो, कागद जिल्ह्याला पाठवावे लागतील. एकदा गेले की त्याच्या हातात काही नाही. तेक-सूच्या काकांनी घटस्फोटाची गोष्ट काढली. तेक-सू उठून शेडमध्ये गेला आणि जेवायला आलाच नाही.

आत्या


सोल, १३ जून

आत्या,

तुमच्या पत्रानं मला काम सुचू दिलं नाही. विष नाही आणि खूण मात्र आहे. इतकी वर्षं मी एकाच दिशेनं वाचत आले: विष गेलं की खूण उमटते. खूण दिसली म्हणजे विष असलंच पाहिजे, हे मला कोणी सांगितलं होतं? मी ते कधी विचारलंच नव्हतं.

मग मी एक खेळ केला. यंत्र ठीक आहे की नाही हे बघायला आम्ही तयार बाटलीतलं द्रव घालतो. त्याऐवजी निरोगी माणसाचं रक्त घालून पाहावं म्हटलं. जवळचं निरोगी माणूस मीच. घातलं. कमी आलं. तुमच्याइतकं नाही, पण कमी. पुन्हा घातलं, तेच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीची नस मागितली. ती म्हणाली, आधी कॉफी पाज. पाजली. तिचं रक्त व्यवस्थित आहे.

आत्या, मी कोबीवर फवारणी करत नाही. आणि रान-हीच्या हातचं मी कधी खाल्लेलं नाही.

दोन गोष्टी हव्यात. हॉस्पिटलात जाऊन रक्त द्या, डॉक्टरांशी बोलले आहे, ते बर्फात ठेवून बसनं पाठवतील. दुसरी गोष्ट विचित्र वाटेल. आपल्या घरात ऑपरेशनच्या टेबलावर कोणाला काही झालं होतं का? भूल उतरायला फार वेळ लागला, असं काही?

इन-सुक


जिनबू, २० जून

इन-सुक,

रक्त दिलं. बर्फाचा डबा मिळेना, म्हणून तेक-सूनं बंदरावरून माखळीची पेटी आणली. पेटी उघडताना नाक मुरडू नकोस.

ऑपरेशनचं तुला कसं कळलं? तुझ्या बाबांची गोष्ट आहे. तुझा जन्मही झाला नव्हता. सैन्यातून सुटायच्या वर्षी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके घालून झाले, हत्यारं धुवून झाली, आणि हा श्वासच घेईना. डोळे मिटलेले, बोट हलत नाही. एक शिपाई तोंडावर रबराचा फुगा दाबत बसला, तो दमला की दुसरा. संध्याकाळी उठला आणि पहिलं वाक्य बोलला, 'मी सगळं ऐकत होतो. तो दुसरा शिपाई माझे बूट त्याला होतील का ते घालून बघत होता.'

आम्ही ही गोष्ट हसायला सांगायचो. हान घराण्याची झोप जड. तू ही कशाला मागतेस?

आत्या


सोल, २ जुलै

आत्या,

पेटीला वास होता. रक्त मात्र उत्तम पोचलं.

पुसणारे दोन असतात. एक रक्ताच्या पाण्यात तरंगतो, दुसरा तांबड्या पेशींवर बसलेला असतो. हॉस्पिटलं बहुधा पहिलाच मोजतात, तो मोजायला सोपा. विष दोघांनाही बांधतं, आणि पेशीवरचा भरून यायला जास्त दिवस घेतो. तुमचा पेशीवरचा अगदी पूर्ण आहे. पाण्यातला तेवढा कमी. विष गेलं असतं तर नेमकं उलटं दिसलं असतं. मी आणखी एक चाचणी केली. तुमचा पाण्यातला पुसणारा जन्मापासूनच वेगळ्या घडणीचा आहे. बाबांचाही तसाच असणार. भूल देताना स्नायू सैल करायचं औषध देतात, ते हाच पुसून टाकतो. बाबांकडे पुसायला कोणी नव्हतं, म्हणून ते जागे असूनही पडून राहिले. त्यांच्याकडून निम्मं मला आलं. सोबत एक कार्ड पाठवलंय, ते नेहमी जवळ ठेवा. कधी ऑपरेशन झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तर पहिला साक्षीदार, रक्त, म्हणजे जन्मखूण निघाली. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, चाचणीची पद्धत मला लिहून पाठवाल का. आम्ही दोघांनी मिळून कॉन्स्टेबलला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं: मग बाई आजारी कशानं पडल्या?

त्याचं बरोबर आहे. विष तर होतंच.

रविवारी मी वनउद्यानात गेले. नुसतीच भटकत होते. ओढ्याच्या ओलीत उंच वाढलेल्या झाडांची एक रांग होती, रुंद पानं, चुण्या पडलेली. पुढे पाटी: बाक्से. मी पाखरू कुठे दिसतंय म्हणून वर पाहिलं. पाटी त्या झाडाचीच होती. नाव एकच, पाखराचंही आणि याचंही. पाटीवर कोवळ्या पानाचं चित्र होतं. ते मी म्योंगी म्हणून खाल्लं असतं. खाली लिहिलं होतं, अतिविषारी, वास नाही.

घरी येऊन वाचलं. उलट्या होतात, नाडी बसते, आणि तेच इंजेक्शन लागू पडतं. म्हणजे दुसरा साक्षीदार, नाडी, या झाडाकडूनही बोलू शकतो. लसणाचा वास टोपलीतल्या खऱ्या म्योंगीचा, ती रानलसूणच. तिघांपैकी एकही खोटं बोलला नव्हता. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारत होतो.

आत्या, ट्रकमध्ये तुम्हाला भ्रम झाला नव्हता. तुम्ही तेक-सूला झाडाचं नाव सांगत होता.

हे मी नुसतं म्हणून चालणार नाही. ती पानं कोणी खुडली, त्यांत काय होतं, हे तुम्ही कॉन्स्टेबलला सांगायला हवं. त्यावाचून कागद थांबत नाहीत.

इन-सुक


सोल, २७ जुलै

आत्या,

तुमचं उत्तर नाही. तेक-सू फोनवर म्हणाला, आई पत्र उशाखाली ठेवते आणि बोलत नाही.

वसंतात लोक टोपल्या घेऊन तुमच्या दारात रांग लावतात, हे मी लहानपणी पाहिलंय. तुम्ही पान हातात घ्यायचात, हे खा, हे फेक. तुमच्या शब्दावर सगळा गाव जेवायचा. तुम्हाला मी काय लिहायला सांगतेय, ते मला कळतं.

रक्ताला खोटं बोलायचं कारण नसतं, हे वाक्य माझं होतं. ते मी डॉक्टरांना आणि कॉन्स्टेबलला लेखी मागे घेतलंय. तुम्हीही ते मानू नका.

रान-हीशी फोनवर बोलले. मी बरंच बोलले, तिनं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, आईंना जेवण जातं का.

इन-सुक


इंचॉन, ११ ऑगस्ट

इन-सुक,

वर इंचॉन वाचून चमकलीस ना. मी विहिणीच्या घरी बसून लिहितेय. न बोलावता आले. आमच्या गावात कुठली सासू अशी गेलेली नाही, तेव्हा आता बोलायला त्यांना एक नवा विषय झाला.

हिवाळ्यातल्या तापानंतर मला वास येत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. किमची आंबली का ते मी रंगावरून ठरवते. डोंगरावर माझा हात नाकाच्या मागून चालायचा, यंदा नुसत्या डोळ्यांच्या मागून चालला. खाली ओलीत बाक्से, वरच्या उतारावर म्योंगी, हे मी इतरांना शिकवत आले. यंदा गुडघे दुखत होते, वर चढलेच नाही फारशी.

पानं धुताना रान-हीनं त्यातलं एक माझ्यापुढे धरलं. म्हणाली, 'आई, याला वास नाही.' मी म्हणाले, 'इंचॉनच्या मासळीबाजारात तुझं नाक गेलंय.' तिनं पान परत टोपलीत ठेवलं. जेवताना त्यांना हात लावला नाही, एवढंच.

पहिल्या उलटीलाच मला कळलं. म्हणून ट्रकमध्ये ओरडत होते. आणि मग हॉस्पिटलात तो डॉक्टर म्हणतो, पिकावरचं औषध. मी तुला विचारलं, रक्त चुकतं का. तू म्हणालीस, नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू. माझा हात चुकला नव्हता. मग औषध आलं कुठून, याचं उत्तर कोणाला तरी व्हावं लागलं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

ती कॉन्स्टेबलला त्या पानाचं सांगू शकली असती. त्याच दिवशी सुटली असती. तिनं सांगितलं नाही, आणि मी तिच्या गप्प बसण्याचाच गुन्हा केला.

मागच्या आठवड्यात चौकीवर गेले. कॉन्स्टेबलच्या आईची टोपली दर वर्षी मीच तपासून देते. तो म्हणाला, 'आजी, तुम्ही? पानात?' मी म्हणाले, 'हो. लिही.' त्यानं लिहिलं. गावप्रमुखाला मी स्वतःच सांगितलं, तिसऱ्या कोणाकडून कळायला नको. रांजणही उघडला. त्यात सोयाबीनच होतं.

काल संध्याकाळी इथं पोचले. विहीणबाई दारातच थबकल्या. मग आत घेतलं. मी जे बोलायचं ते बसायच्या आधीच बोलून टाकलं, सगळ्यांसमोर, तुला लिहिलं तसंच. रान-ही उठून स्वयंपाकघरात गेली.

जेवायला बसलो. तिनं माझ्यापुढे सुकटाचं गरम सूप ठेवलं. सगळे चमचा खाली ठेवून थांबले, मी उचलायची वाट बघत. मी हात पुढे केला तेवढ्यात तिनं आपला चमचा माझ्या वाडग्यात घातला, भरून घेतला, प्यायली, आणि माझ्याकडे बघत बसली. चार वर्षांत तिनं माझ्या आधी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तिच्या आईनं तिला नावानं हाक मारली, एकदाच. तिनं नजर हलवली नाही.

मी विचारलं, 'कसं झालंय?'

'मीठ कमी आहे, आई.'

मी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. वास येत नाही, पण मीठ मला अजून कळतं. कमीच होतं. ते मी तिला सांगितलं. मग बाकीच्यांनी चमचे उचलले.

नात काल माझ्या कुशीत झोपली. रान-हीशी त्या विषयावर पुन्हा बोलणं झालेलं नाही. सकाळी मी म्हणाले, उद्याच्या बसनं निघते. ती म्हणाली, तुम्हाला स्टँडवर रांगेत उभं राहवणार नाही, तिकीट मी आणते. तेक-सूला येऊ नको म्हणून मीच सांगितलंय. त्याची पाळी नंतर.

ती स्टँडवर गेली आहे. मुलीलाही घेऊन गेली. एक आणते की जास्त, हे मी विचारणार नाही. दारात आली की तिच्या हाताकडे बघेन.

आत्या